ड्राय एल्क, लोकसंख्या ४१२

देवपूर, धुळे
१० मे

सदफ,

तुझं पाकीट आलं. वर नाव तुझ्या अम्मीचं होतं, शहजादीबेगम, पण फोडलं मी. शहजादीबेगम आत भाकरी थापत होत्या, पोस्टमनने पाकीट माझ्या हातात दिलं, आणि दुसऱ्या हातात माझ्या कात्री होती. झालं. रागवायचं असेल तर रागव. नाहीतरी दोन वर्षं दहा महिने आपण एकमेकांवर रागावूनच आहोत, त्यात हे एक पाकीट आणखी.

आत पत्र असेल म्हणून उलटं करून झटकलं. पत्र नव्हतं. चौसष्ट पानांचं गुळगुळीत पुस्तक निघालं. ‘ड्राय एल्क : इतिहास, भूगोल आणि लोकसंख्या.’ तू जिथे डॉक्टर होऊन बसली आहेस त्या गावाला एकशे चाळीस वर्षं झाली, म्हणून गावाने काढलेलं. पहिल्याच पानावर नगराध्यक्षबाईंचा फोटो, घोड्यावर बसलेल्या. आपल्याकडचे नगराध्यक्ष गाडीतून खाली उतरत नाहीत, या बाई घोड्यावरून उतरत नाहीत.

अब्बा मराठीत का लिहितात, असं तुला वाटेल. घरात आपण उर्दू बोलतो, पण चाळीस वर्षं भिंतींवर मराठी लिहून माझा हात तिकडेच वळतो. तूही मराठी शाळेत शिकलीस, तेव्हा वाचता येत नाही ही सबब चालायची नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगतो. हे पत्र समेटाचं नाही. धंद्याचं आहे. गावाची माहिती कशी लिहावी यावर या जिल्ह्यात माझ्याइतकं बोलायचा हक्क कुणाला नाही. साक्री आणि शिंदखेडा तालुक्यातल्या दोनशे चौदा ग्रामपंचायतींच्या भिंती मी रंगवल्यात. गावाचं नाव, भौगोलिक क्षेत्र, कुटुंबं, लोकसंख्या, त्यात पुरुष किती नि स्त्रिया किती, विहिरी, हातपंप, शाळा, पशुधन, डॉक्टर. खाली उजव्या कोपऱ्यात ‘शकील पेंटर, देवपूर’. तुझा भाऊ आतिफ गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्सचं मशीन लावून बसलाय, तरी भिंतीचं काम अजून माझ्याकडेच येतं. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फाटतो. माझी अक्षरं वीस वर्षं हलत नाहीत.

तर तुझ्या गावाचं पुस्तक. रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की आतिफ पानावर मोबाईल धरतो, मोबाईल त्याचं मराठी करून दाखवतो. ते मराठी ऐकून हसू येतं, पण अर्थ लागतो. आतिफ म्हणाला, “अब्बा, सदफबाजीचं पान शोधू का आधी?” मी म्हटलं, खबरदार. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं. पाहिजे ते पान उघडून बघायला ही काय लग्नाची पत्रिका आहे?

एल्क म्हणजे सांबरासारखं जनावर, पण म्हशीएवढं. १८८६ साली कुणी एक माणूस बैलगाड्या घेऊन तिथे आला, त्याने तीन विहिरी खणल्या, तिन्ही कोरड्या. तिसरीच्या तळाला सांबराचा सांगाडा. म्हणून गावाचं नाव कोरडं सांबर! अगं, पाणी लागलं नाही तर माणूस पुढे जातो. हा तिथेच बसला. चौथी विहीर खणली आणि तिला पाणी लागलं. हे वाचून मला तो माणूस आवडला. पण नऊ पानं इतिहास लिहिला आणि आज गावात विहिरी किती, ते कुठेच नाही. नगराध्यक्षबाईंना माझ्यातर्फे सांग.

दुसरी चूक मोठी आहे. परवा झिपरू आबा बाजाराला आले होते. तुला आठवत असतील, पिंपळनेरच्या पलीकडे घाटाच्या अंगाला ज्यांचं गाव आहे, सरपंच होते ते. मी त्यांना पुस्तकातली चित्रं दाखवली. गाव १८८६ ला बसलं म्हटलं. तर आबांनी विचारलं, “त्याना पहिले तठे कोन ऱ्हाये?” त्याआधी तिथे कोण राहत होतं? मी पानं उलटली. दीड ओळ निघाली, की पूर्वी इथे मूळ लोक शिकारीला येत असत. बस. येत असत आणि मग काय झालं, कुठे गेले, कुणी घालवले? आबा हसले नुसते. त्यांना उत्तर माहीत होतं. तू तिथे आहेस तर विचारून ठेव.

तुझी अम्मी आत्ता ओरडतेय की पाकीट माझं होतं. सलाम राहिला, तो समज.

शकील पेंटर


१८ मे

सदफ,

पहिलं पत्र स्पीडपोस्टने टाकलं. खिडकीतल्या बाईने विचारलं, हे ड्राय एल्क कुठे आलं? मी म्हटलं, मोंटाना राज्य, लोकसंख्या चारशे बारा, उंची समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट, सात महिने बर्फ. मागच्या रांगेतला माणूस म्हणाला, काका तिथलेच दिसतात. छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

आज पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. आपल्या घरी जनगणनावाल्या मॅडम आल्या होत्या. दिपमाला मॅडम, देवपुरातल्याच एका शाळेत शिकवतात. उन्हाने लाल झाल्या होत्या बिचाऱ्या. अम्मीने सरबत दिलं. त्यांच्याकडे कागद नाही, सगळं मोबाईलवर. भिंत कशाची, छप्पर कशाचं, नळ घरात की बाहेर, टीव्ही आहे का. मी पटापट सांगत होतो. मग त्यांनी विचारलं, “घरात नेहमी राहणारी माणसं किती?”

मी म्हटलं, “चार.”

अम्मी दारातून म्हणाली, “तीन लिहा मॅडम.”

“चार,” मी म्हटलं. “मी, ही, आतिफ आणि मुलगी सदफ. मुलगी डॉक्टर आहे.”

“ताई घरी आहेत का?” मॅडमनी विचारलं.

“बाहेर गेलीय.”

“कधी येतील?”

आता काय सांगणार? अम्मीने सांगून टाकलं की ताई सहा वर्षांपासून अमेरिकेत आहेत. मॅडमनी मोबाईल मांडीवर ठेवला आणि मला पाचवीतल्या पोराला समजावतात तसं समजावलं. “काका, जो माणूस जिथे राहतो तिथेच तो मोजायचा. एक माणूस दोन गावांत मोजला तर दोन्ही गावांचे आकडे खोटे होतात.” हे मला सांगत होत्या! मला, शकील पेंटरला! ज्याने आयुष्यात भिंतीवर एक आकडा… असो. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही पुढची घरं करा, आमच्याकडे शेवटी या, मी विचार करून सांगतो. त्यांनाही हसू आलं. दारावर नंबर टाकून गेल्या.

त्या गेल्यावर तुझी अम्मी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, “खुद ने घर में से निकाला, अब गिनने को बैठे!”

खरं बोलली. त्या जुलैत तू फोनवर म्हणालीस की अब्बा, शिक्षण संपलं, पण मी लगेच येत नाही, एका छोट्या गावात तीन वर्षं काम करायचं ठरवलंय. मी विचारलं, किती लोकांचं गाव? तू म्हणालीस, चारशेच्या वर. मी ओरडलो की चारशे लोकांसाठी तू इथल्या लाखांना सोडतेस. आणि मग ते वाक्य बोललो. ‘आजपासून या घरात तीनच माणसं.’ तू फोन ठेवलास. तुझा तो गुण माझाच आहे, त्यामुळे तक्रार कुणाकडे करू?

पण आज मॅडमनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून चार निघालं. मी विचार केला नव्हता. आपोआप निघालं. एवढंच कळवायचं होतं.

तुझे अब्बा


२९ मे

बेटा सदफ,

बकरी ईद झाली. नमाजनंतर जो भेटला त्याला घरी आणून तुझं पुस्तक दाखवलं. बिर्याणीआधी ड्राय एल्क. तुझे मामू म्हणाले, शकीलभाई, अमेरिका एवढी मोठी, मुलीला हेच गाव मिळालं? मी म्हटलं, मामू, तुम्हाला काय कळतं, या गावाने १९१० साली स्वतःच्या हाताने दगडी शाळा बांधली, अजून उभी आहे, छपरावरचा पत्रासुद्धा तोच आहे. तुझ्या गावाची बाजू घेऊन मी ईदच्या दिवशी भांडलो, बघ.

भूगोल संपवला. इथे काल चव्वेचाळीस होतं, पांझरेच्या पात्रात म्हशीला बसायला पाणी नाही. तुझ्याकडे जानेवारीत शून्याखाली अडतीस. दोन्ही मिळून एक बरं गाव झालं असतं. तिथेही कोरडवाहू शेती, तिथेही पावसाची वाट. फक्त माणसामागे पंचवीस गुरं, हे मी दोनदा वाचून घेतलं. पशुधनाचा आकडा एवढा मोठा मी कुठल्या भिंतीवर लिहिला नाही, जागाच पुरली नसती.

लोकसंख्येचं पान वाचून मात्र वाईट वाटलं. रेल्वे आली तेव्हा गावात तीन हजार माणसं होती. मग ओळीने दुष्काळ पडले, मग रेल्वेने थांबणं सोडलं. दोन हजार, बाराशे, सातशे, चारशे. आपल्या दोंडाईच्याला अजून गाडी थांबते म्हणून मिरचीचा बाजार भरतो, नाहीतर त्याचंही हेच झालं असतं. मी तो उतरता आकडा वाचत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे बाबांनो, थांबा, जाऊ नका. काय वेडेपणा! शंभर वर्षांपूर्वीची माणसं.

पुढची सहा पानं म्हणजे यादी. गावातल्या चारशे बारा माणसांची नावं, एकूण एक, तान्ह्या बाळासकट. हे मात्र मला सुचलं नव्हतं कधी. एवढी भिंत कुठून आणणार म्हणा. इंग्रजी नावं मी स्वतः वाचली, बोट ठेवून. इंग्रजी अक्षरं जमिनीवर उभी असतात, आपली रेघेला लटकलेली. पण वाचता येतात मला, दवाखान्यांचे बोर्ड कमी रंगवलेत का! पी अक्षराखाली तू होतीस. सदफ शकील पेंटर.

आतिफला म्हटलं, हे बघ, माझं नाव. त्या गावात मी पाय ठेवलेला नाही. ठेवणारही नाही. पण चारशे बारा माणसांच्या छापील यादीत शकील आहे आणि पेंटरही आहे. खालच्या कोपऱ्यात नाही, मधोमध.

मग आतिफने तुझं पान काढलं. आता वाचायला हरकत नव्हती, क्रमानेच आलं होतं. फोटोत तू बर्फात उभी आहेस, रस्त्यावरचा बर्फ ढकलायच्या मोठ्या गाडीशेजारी. खाली लिहिलंय की वादळात रस्ता बंद असताना डॉक्टर त्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून बारा किलोमीटर गेल्या आणि गोठ्यालगतच्या घरात बाळंतपण केलं. आई आणि मुलगी सुखरूप. अकरा वर्षं गावाला डॉक्टर नव्हता, जवळचा दवाखाना एकशे चाळीस किलोमीटरवर. अगं, तू तर लहानपणी माझ्या स्कूटरवर डोळे मिटून बसायचीस!

आणि त्याखाली तुला विचारलेला प्रश्न. मोठ्या शहरांतून बोलावणं असताना तुम्ही इथे का आलात? तुझं उत्तर आतिफने एकदा वाचलं. मी म्हटलं, पुन्हा वाच. मग तो वाचू शकला नाही, तेव्हा मीच मोबाईल घेतला.

तू म्हटलंस, ‘माझे वडील गावांच्या भिंतीवर गावाची माहिती लिहितात. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचे. डॉक्टरच्या रकान्यात ते नेहमी एकच शब्द लिहायचे, निरंक, म्हणजे एकही नाही. तो लिहून झाला की बराच वेळ ते माझ्याशी बोलायचे नाहीत. तुमच्या गावाचा तक्ता मला दाखवला, तेव्हा त्या रकान्यात तेच लिहिलेलं होतं. मला दुसरं गाव बघावंसं वाटलं नाही.’

बेटा, तू ते बघत होतीस हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तू चिंचा शोधतेस.

मी खूप रडलो. ईदचे पाहुणे बसलेले असताना. लिहून ठेवतो, म्हणजे अम्मीने आधी सांगितलं असं नको व्हायला.

अब्बा


६ जून

बेटा सदफ,

मागचं पत्र टाकल्यापासून जेवण गेलं नाही. तू तिकडे छापून सांगितलंस की अब्बा निरंक लिहायचे आणि गप्प व्हायचे. मला थोर करून टाकलंस. तर ऐक आता, तुझ्या थोर अब्बांनी काय केलंय ते. हे मी अम्मीलाही सांगितलेलं नाही.

तू तिकडचं शिक्षण संपवत आलीस त्या उन्हाळ्यात मी झिपरू आबांच्या गावची भिंत नव्याने रंगवायला गेलो होतो. सुतळीला खडू लावून रेघा मारल्या, सगळे रकाने भरत आणले. डॉक्टरपाशी आलो. आबा शेजारी बिडी ओढत बसले होते. म्हणाले, तुमची पोर आता येईल ना? मी म्हटलं, येईल, आणि आठवड्यातून एक दिवस तुमच्याकडे पाठवीन, माझी जबान. आणि त्या तोऱ्यात मी निरंकच्या जागी ‘१’ लिहिला. मोठा लिहिला. हात धुतले आणि छाती काढून परत आलो. तुला विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हेही डोक्यात आलं नाही. बाप आहे, पेंटर आहे, लिहिलं म्हणजे झालं.

जुलैत आबांचा फोन आला. वरच्या पाड्यावरची प्रमिलाबाई, तिच्या पोराला तापात झटके आले. ती बाई लिहिता-वाचता येणारी. बाजाराला जाता-येता तिने भिंत वाचली होती. ती पिंपळनेरला जायचं सोडून पोराला खांद्यावर घेऊन पावसात आबांच्या गावात उतरली, कारण तिथे डॉक्टर एक होता. निरक्षर असती तर सरळ पिंपळनेरला गेली असती. दोन तास गेले. मग जीप मिळाली. पोरगं वाचलं, अल्लाहचे उपकार. आता शाळेत जातं.

तो फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तू फोन केलास की मी येत नाही.

आता तुला कळलं असेल मी कुणावर ओरडत होतो. चाळीस वर्षांत एक खोटा आकडा लिहिला आणि तो खरा करायला तू पाहिजे होतीस. तू नाही म्हणालीस तेव्हा मला माझी लाज दिसली आणि मी ती तुझ्या अंगावर फेकली. घरातून तुला काढलं, आणि भिंतीवरचा तो एक काढायला गेलोच नाही. तीन वर्षं त्या रस्त्यालाच फिरकलो नाही. निरंक लिहिलं असतं तर तू येणार नाहीस हे माझ्याच हाताने लिहिलं असतं.

काल गेलो. सकाळची एस्टी, पिंपळनेरला उतरून पुढे जीप. रंगाचा डबा आणि दोन ब्रश पिशवीत. भिंतीपाशी पोचलो तर बाकी सगळा तक्ता जसाच्या तसा आणि डॉक्टरच्या रकान्यावर चुन्याचा फटकारा. आबा मागून आले. म्हणाले, “तवयच चुना मारी दिधा मी. नहीं ते लोके फसतीन ना भो.” त्याच आठवड्यात त्यांनी आकडा झाकून टाकला होता. मला फोन करून सांगितलंही नाही, मला वाईट वाटू नये म्हणून. मी तिथेच ओट्यावर बसलो. आबांनी पाणी दिलं.

मग मी चुना खरवडला, अस्तर दिलं, वाळू दिलं आणि निरंक लिहिलं. लाल रंगात, बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट. आबांनी विचारलं, इतकं मोठं का? मी म्हटलं, इथून पुढे दोनशे चौदा भिंतींवर हा शब्द मी लालच लिहिणार आहे. साहेब लोक झेंड्याला येतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत गेला पाहिजे. कुणी तक्रार केली तर करू दे, खाली माझं नाव आहे.

प्रमिलाबाईच्या पाड्यावरही गेलो. तिला सांगितलं की तो आकडा माझा होता. ती मग म्हणाली, “अक्षर चांगलं शे तुमनं.” बस, एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

परत निघताना आबांना पुस्तकातलं तुझं पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, “तुनी पोर तठला लोकेस्ले बरं करस ना? मंग बठ्ठं चांगलं शे.” तिथल्या लोकांना बरं करते ना, मग सगळं चांगलंच. थोड्या वेळाने म्हणाले, “पन आठलं निरंक कव्हय जाई?” इथलं कधी जाणार. तुझ्यावर हे ओझं टाकायला लिहीत नाही. पण त्यांनी विचारलं, ते तुझ्यापासून लपवणंही खोटंच झालं असतं.

मला माफ कर, बेटा. हे पहिल्या पत्राच्या पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

अब्बा


१३ जून

बेटा सदफ,

आज सकाळी दिपमाला मॅडम आल्या. बिल्डिंगी, गल्ल्या, सगळं आटपून शेवटचं घर आपलं. म्हणाल्या, “काका, झाला का विचार?”

मी म्हटलं, “तीन लिहा.”

अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. मॅडमनी बोटाने तीन दाबलं. टिक असा बारीक आवाज आला. मला वाटलं होतं की त्रास होईल. झाला थोडा. पण मॅडमनी विचारलं, “आणि ताई?” म्हणजे फॉर्मसाठी नाही, आपलं सहज. मग मी जो सुरू झालो!

म्हटलं, मॅडम, लिहून घ्यायला रकाना नसेल तर नुसतं ऐका. गाव ड्राय एल्क. स्थापना १८८६, पण त्याआधीही तिथे माणसं राहत होती, त्यांची माहिती पुस्तकात अपुरी आहे. विहिरी खणल्या चार, पाणी लागलं चौथीला. शाळा एक, दगडी. रेल्वे होती, आता थांबत नाही. पशुधन दहा हजारांवर. एकेकाळी तीन हजार वस्ती होती, आज चारशे बारा. अकरा वर्षं डॉक्टर निरंक. आणि तीन वर्षांपासून डॉक्टर एक. तो एक आकडा खरा आहे, मॅडम. तो आमच्या घरातून गेलाय. इथले तीन आणि तिथला एक, दोन्हीकडचा हिशोब बरोबर.

समोरच्या निर्मलकुमार शेठच्या घरच्या पानबाई गॅलरीत येऊन ऐकत होत्या. खालून आतिफचं गिऱ्हाईक वर बघत होतं. मॅडम उठून उभ्या राहिल्या, म्हणाल्या, काका, आमच्या शाळेत येऊन हे मुलांना सांगाल का? मी म्हटलं, भिंत द्या, लिहूनच देतो.

तुझी तीन वर्षं पुढच्या महिन्यात संपतात. मला माहीत आहे तुला ठरवायचंय, राहायचं की दुसरीकडे जायचं की इकडे यायचं. मी ये म्हणणार नाही. राहा असंही म्हणणार नाही. एकदा तुला न विचारता आकडा लिहून बघितला, पुरे झालं. तू जिथे असशील तिथे मोजली जा, आणि नीट मोजली जा.

एक शेवटचं. तुला आणि अम्मीला वाटतं की मला कळत नाही. दर शुक्रवारी सकाळी आठला ती कपडे वाळत घालायला गच्चीवर जाते आणि तास-तासभर येत नाही. तीन माणसांचे कपडे तेवढे असतात का? पहिल्या महिन्यातच मला समजलं होतं. तेव्हापासून दर शुक्रवारी मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसतो, दार लोटलेलं असतं. अम्मीचं बोलणं ऐकू येतं. तुझा आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. तू हसलीस तेवढं कळतं. एकशे पन्नास शुक्रवार झाले असतील, एकही चुकवला नाही. तापात होतो तेव्हासुद्धा भिंत धरून चढलो.

माझे गुडघे आता पायरीवर बसू देत नाहीत, बेटा. हे पत्र मिळेल त्या शुक्रवारी फोन मला कर. मी पहिल्या घंटीला उचलीन.

तुझे अब्बा